महेबूब आल्यानंतरची माझी पाळी

१२ नोव्हेंबर १९४५, सोमवार

दिवाळीनंतरची पहिली प्रॅक्टिस. दमलो. उजवा गुडघा ठणकतोय. दोष गुडघ्याचा नाही, ग्राउंडचा. जिनिंग मिलच्या आवारात नवा कापूस उतरलाय, त्याचे तंतू जमिनीवर पसरतात आणि पाय घसरतो.

वही नवी आहे म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. मी बंडप्पा, मुक्काम मुरुम, तालुका उमरगा. वय चौतीस, शाळेच्या दाखल्यावर बत्तीस. मिलच्या हजेरीबुकात मी क्लार्क आहे, पण कारकुनी तासभरच. मालकांनी सिकंदराबादला बास्केटबॉल पाहिला आणि आल्या आल्या टीम बांधली. आम्हाला पगार मिळतो तो खेळाचा. टीममधून उतरला तो काट्यावर जातो. म्हणजे सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत कापसाच्या गाड्या वजन करायच्या आणि धूळ खायची. माझ्यावर ती वेळ यायचं कारण नाही. सहा वर्षं मी गार्ड आहे.

दुसरा गार्ड गफार, तो बहुतेक वेळ आत असतो. अडचण एकच, गोरोबा. वय सव्वीस. आण्णासाहेब (मॅनेजर आणि कोच दोन्ही तेच) पहिल्या हाफला मला खेळवतात, दुसऱ्या हाफला त्याला. म्हणतात, तुमची दमछाक होते. दमछाक होत नाही. मी श्वास मोठ्यानं घेतो, इतकंच.

उपाय सुचलाय. आणखी एक गार्ड आणायचा. बाहेरचा, वयस्कर, नावाला. तो आला की गोरोबाची पाळी त्याला जाईल, गोरोबा बाकावर बसेल. महिन्याभरात म्हातारा थकेल. मग दोन्ही हाफ माझे.

संकल्प: रोज पहाटे शंभर शॉट, शंभर बैठका. चहा दोनदाच.

१४ नोव्हेंबर

शॉट उद्यापासून. बॉल आण्णासाहेबांच्या कपाटात होता. बैठका बारा झाल्या. चहा चार.

आण्णासाहेबांशी बोललो. नळदुर्गचा महेबूब म्हणून एक जण आहे. सोळा वर्षं फौजेत होता, तिथल्या टीममध्ये खेळायचा, लढाई संपल्यावर सुटून आलाय. वय एकोणचाळीस. वय मी मुद्दाम दोनदा सांगितलं. ते म्हणाले, एकोणचाळीस चालेल? मी म्हणालो, अनुभव महत्त्वाचा. ते म्हणाले, लिहा पत्र.

पत्र मीच लिहिलं, उर्दूत. ऑफिसात माझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही. शेवटी टीमची माहिती म्हणून माझ्याबद्दल दोन ओळी घातल्या. दोनाच्या सात झाल्या.

२ डिसेंबर

महेबूब आला. बुटका. कानशिलं पांढरी. बरोबर बायको, कुलसुमबी. आमच्यापासून तिसऱ्या घरात खोली घेतली. माझा हात हातात धरून म्हणाला, बंडप्पाभाऊ, तुमच्याबद्दल लई ऐकलंय. नळदुर्गपर्यंत नाव गेलंय तर.

माझ्या बायकोनं, इरम्मानं, त्यांच्याकडं भाकरी आणि झुणका पाठवला. मी हरकत घेतली नाही. पाहुणा थोड्या दिवसांचाच आहे.

३ डिसेंबर

महेबूब पळत नाही. चालतो. मला हसू आलं. पण बॉल जिथं जायचा असतो तिथं हा आधीच उभा.

आमचा सेंटर धुळाप्पा, सहा फुटांच्या वर उंच. एरवी प्रॅक्टिसला चार-पाच बास्केट करतो. आज अकरा. मी कारण विचारलं. तो म्हणाला, यांचा पास खांद्याच्या वर येतो, वाकावं लागत न्हाय. सहा वर्षं मी त्याच्या गुडघ्याशी पास देतोय. कधी बोलला नाही. मला वाटायचं त्याला तसाच आवडतो.

१० डिसेंबर

आज टाइमकीपरच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर पाळ्या लागल्या.

पहिला हाफ: महेबूब आणि गफार गार्ड. दुसरा हाफ: महेबूब आणि गोरोबा. दुसऱ्या हाफात दहा मिनिटं दम घेऊन गफार परत. त्या वेळी महेबूब बाहेर. असं तिघांत सगळं बसवलंय. माझ्या नावापुढं लिहिलंय: गरज पडल्यास.

आण्णासाहेबांनी समजावून सांगितलं. महेबूब खेळ संथ ठेवतो, समोरचे उगाच धावून थकतात, मग ताज्या पायाचा गोरोबा सोडायचा. गोरोबा आता पूर्वीपेक्षा जास्त खेळणार. म्हणाले, तुम्ही सुचवलेला माणूस फार उपयोगी पडला.

मी घरी येऊन विचार केला. गरज पडल्यास याचा अर्थ, अडचणीच्या वेळी माझ्यावरच भरवसा. मोठं हत्यार रोज बाहेर काढत नाहीत.

तरीही झोप आली नाही.

२१ डिसेंबर, शुक्रवार

लातूरच्या टीमशी मॅच, आमच्याच ग्राउंडवर. चौदा पॉइंटांनी जिंकलो. गरज पडली नाही.

घरी इरम्मानं धुवायला माझा शर्ट घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि घडी घालून पेटीत ठेवला. थंडीत घाम येत नाही, असं मी सांगितलं.

१ जानेवारी १९४६

नवं साल. संकल्प: पन्नास शॉट. तीस बैठका. (शंभर हा आकडा शास्त्रशुद्ध नव्हता.) महेबूबवर बारीक लक्ष ठेवणं.

२ जानेवारी

आठ बैठका. गुडघा.

१४ जानेवारी, संक्रांत

महेबूबला तिळगूळ द्यायला गेलो. तो म्हणाला, सकाळी ग्राउंडवर येत जा, आपण दोघंच खेळू. पहाटे जाऊन आलोच होतो असं मी सांगितलं. तो म्हणाला, तेव्हा मी तिथंच होतो, चुकामूक झाली असेल.

तिथं एक गोष्ट कळली. तो खाटेवर बसून पायाला फ्लॅनेलच्या पट्ट्या गुंडाळत होता. दोन्ही गुडघ्यांना. ब्रह्मदेशात असल्यापासून रोज गुंडाळतो म्हणे. दोन्ही! माझा तर एकच दुखतो. महिनाअखेर हा बसणार.

फार दिवसांनी बरं वाटलं. मग जरा लाजही वाटली. कुलसुमबीनं चहा दिला तो घेतला.

१७ जानेवारी

सकाळी गेलो. त्यानं माझं कोपर धरून वर उचललं आणि म्हणाला, असं. सहा वर्षं खेळलेल्या माणसाला कोपर शिकवणं म्हणजे काय. पण त्याला वाईट वाटू नये म्हणून मी शिकून घेतलं. दहातले सहा पडले. वारा नव्हता.

३१ जानेवारी

महिना संपला. तो बसला नाही.

५ फेब्रुवारी

आण्णासाहेबांच्या खोलीत गेलो. गुलबर्ग्याच्या स्पर्धेला दहाच दिवस राहिलेत. म्हणालो, मी दोन्ही हाफ खेळायला तयार आहे, तुम्ही संकोच करू नका. त्यांनी ड्रॉवर उघडला, आत बघितलं, परत लावला. म्हणाले, बंडप्पा, गुलबर्गा होऊ द्या, मग बोलू.

कॅप्टनशिपबद्दल असणार. ड्रॉवरमध्ये कागद होता, मला दिसला.

इरम्माला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं हं म्हटलं.

१५ फेब्रुवारी, गुलबर्गा

लॉरीनं आळंदमार्गे आलो. कोळशावर चालणारी लॉरी, चढ लागला की उतरून ढकला. ढकलायला मात्र मी पहिल्या पाचात होतो. मुक्काम एका धर्मशाळेत. पाठ मोडली.

पहिली मॅच जिंकलो. बाकावर बसलो होतो. बाक अरुंद आहे.

१६ फेब्रुवारी

दुसरी जिंकलो. बाक तोच.

१७ फेब्रुवारी, रविवार

फायनल. सगळं आजच लिहितो, उद्या नीट आठवेल की नाही कोण जाणे.

समोर गुलबर्ग्याचीच टीम, त्यांचे लोक चारी बाजूंनी. बरोबरी चालली होती. दुसऱ्या हाफला गोरोबाचा घोटा मुरगळला, त्याला उचलून बाहेर आणला. थोड्या वेळानं गफारचे फाउल भरले, तोही बाहेर. तीन मिनिटं राहिली होती. आण्णासाहेबांनी बाकाकडं पाहिलं. बाकावर गोरोबा पाय चोळत होता, गफार तोंड पुसत होता, आणि मी.

गरज पडली.

आत गेलो. महेबूब जवळ आला. चेहरा घामानं ओला, श्वास लागलेला, पण आवाज घरात बोलावं तसा. म्हणाला, "बंडप्पाभाऊ, त्या कोपऱ्यात उभं राहा. बॉल आला तर घाई करू नका. मी तुमच्या उजव्या हाताला असतो."

उभा राहिलो. माझ्यावर कुणी आलंच नाही. मला वाटलं, घाबरले. मग त्यांचा एक पोरगा माझ्याकडं यायला निघाला तसा त्यांचा कॅप्टन त्याला म्हणाला, "अवन्न बिडो." मला कानडी येत नसतं तर बरं झालं असतं. त्याला सोड, असं म्हणाला. दोन दिवस त्यांनी मला बाकावर बघितलं होतं.

तीन मिनिटं मी मोकळ्या जागेत उभा होतो. आजूबाजूला आठ-नऊ माणसं जीव तोडून धावत होती आणि माझ्याभोवती दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढी जागा. गुडघा दुखत नव्हता. काहीच दुखत नव्हतं.

शेवटी बॉल आला. समोर रिंग, मध्ये कुणी नाही. कोपर उचलायलासुद्धा वेळ होता. सहा वर्षं ज्याची वाट बघितली तो शॉट हाच, हे मला कळलं. आणि तो पडणार नाही, हेही कळलं. का कळलं ते सांगता येत नाही. पहाटे ग्राउंडवर मी किती वेळा गेलो हे मला ठाऊक आहे म्हणून असेल.

उजवीकडं महेबूब होता. त्याला दिला. त्यानं धुळाप्पाला दिला. बास्केट. दोन पॉइंटांनी जिंकलो.

सगळ्यांनी धुळाप्पाला उचललं. महेबूब बाजूला खाली बसला आणि पट्ट्या सोडू लागला. दोन्ही गुडघे पट्ट्यांखालीच सुजून कलिंगडासारखे झाले होते. मी पाणी नेऊन दिलं. तो म्हणाला, "तुमचा पास बरोबर आला." त्याच्या एका पायाची पट्टी मी सोडली.

१९ फेब्रुवारी, मुरुम

सकाळी स्वतःहून आण्णासाहेबांकडं गेलो. रात्रभर वाक्य तयार केलं होतं. म्हणालो, साहेब, मी विचारपूर्वक ठरवलंय. नव्या माणसांना जागा मिळावी म्हणून मी टीममधून निवृत्त होतो. तुम्ही आग्रह करू नका.

त्यांनी आग्रह केला नाही. ड्रॉवरमधला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. मला काट्यावर पाठवल्याचा हुकूम. मालकांची सही. तारीख संक्रांतीच्या आधीची.

मी विचारलं, मग महिनाभर मी टीममध्ये कसा? आण्णासाहेब चष्मा पुसत म्हणाले, "महेबूब येऊन बसला होता इथं. म्हणाला, त्यांनी मला बोलावलं, त्यांच्या पत्रावर मी आलो. गुलबर्ग्यापर्यंत त्यांना राहू द्या."

मी कागद घडी करून खिशात घातला. उद्या सातला हजर होतो म्हणालो.

घरी येऊन इरम्माला सांगितलं. ती म्हणाली, मला ठाऊक आहे. कुलसुमबीनं संक्रांतीलाच सांगितलं होतं. धुळाप्पाला ठाऊक होतं, गफारला ठाऊक होतं, गोरोबालासुद्धा. मी विचारलं, मग तू मला का नाही सांगितलंस.

तिनं निखारे सारखे केले. म्हणाली, "तुम्ही रोज वहीत काय काय लिहायलात. म्हनलं, लिहू द्यावं."