कोंबड्यांपासून एक किलोमीटर

४ फेब्रुवारी, रविवार
आज पुन्हा आले. गेटसमोर पाच-सहा बायका, एक दाढीवाला आणि एक कुत्रा. कुत्र्याच्या गळ्यातही पाटी. शी! वाचता न येणाऱ्या प्राण्याच्या गळ्यात पाटी अडकवणं हा प्राण्यांवरचा अत्याचार नाही तर काय?

यांची पुढारी म्हणजे माझी सख्खी मेहुणी. बायकोची थोरली बहीण. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि रिटायर झाल्यावर अख्खी पृथ्वी सोडून माझ्या पोल्ट्रीच्या मागे लागली. घोषणासुद्धा तोंडी परीक्षा घेतल्यासारखी देते. एका पिंजऱ्यात किती कोंबड्या, उत्तर द्या!

ही आतून सगळ्यांसाठी चहा घेऊन गेली. माझ्याविरुद्धच्या मोर्चाला माझ्याच घरचा चहा. जाब विचारला तर म्हणाली, ताई उन्हात उभी आहे, तुम्हाला हवा असेल तर तुम्हीही बाहेर येऊन घ्या. गेलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. मागाहून किटलीत उरलेला घेतला. गार होता.

संकल्प: हा ओंगळ प्रकार कायमचा बंद पाडायचा. मी अंडी उत्पादक संघाचा अध्यक्ष आहे. बिनविरोध. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, इतका लोकांचा विश्वास.

७ फेब्रुवारी
पेपरात फोटो. माझ्या शेडमधली कोंबडी. मानेवर, पाठीवर एक पीस नाही. खाली ओळ: ‘हिची अंडी तुम्ही खाता.’ बघून किळस आली. कोंबडीची नव्हे, पेपरवाल्याची. जाळीतून झूम लावून काढलाय. उद्या कुणाच्या न्हाणीघरात कॅमेरा घालतील.

पिसं गळणं ही कोंबडीची खासगी बाब आहे. माझेही केस गेले. मला कुणी पिंजऱ्यात ठेवलं होतं? हे हिला बोलून दाखवलं. तिने माझ्या हातातून पेपर घेतला आणि तो फोटो कापून ठेवला. पटलं असणार.

शेडमध्ये सगळं आदर्श आहे. मी कित्येक महिन्यांत आत गेलेलो नाही. जावंच लागत नाही, यातच सगळं आलं.

१५ फेब्रुवारी
मंत्र्यांची भेट. संघातर्फे मी आणि खजिनदार. कायद्याचा मसुदा अंडी कंपनीने आधीच करून आणला होता. कंपनी म्हणजे आम्हाला पिल्लं देते, खाद्य देते, अंडी उचलते. करारानुसार कोंबड्या तिच्याच. शेड, वीजबिल आणि विष्ठा आमची.

मसुदा वाचून वाईट वाटलं. पशुपालनाच्या जागेपासून शंभर मीटरच्या आत पाट्या, घोषणा, जमाव बंद. शंभर मीटर! म्हटलं, साहेब, माझ्या मेहुणीने आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवलाय. एक किलोमीटर करा. मंत्री हसले. केलं.

मग ‘प्राणी पाळले जातात ती जागा’ असं होतं. मी म्हटलं, पळवाट ठेवू नका. पाळले जातात, ठेवले जातात, आणले जातात, नेले जातात, उबवले जातात, सगळं घाला. फोटो काढायचा तर प्राण्यांच्या मालकाची लेखी परवानगी हवी. सरकारी वकील म्हणाला, जाळं फार मोठं होतंय. वकिलांना दूरदृष्टी नसते.

निघताना कंपनीच्या साहेबाने माझा हात हातात घेतला. म्हणाला, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमचा धंदा आहे. हात घामट होता, लिबलिबीत. पण भावना खरी.

२१ मार्च
कायदा पास. संघाच्या ऑफिसात पेढ्यांऐवजी उकडलेली अंडी वाटली. कल्पना माझी. कुणी फारशी खाल्ली नाहीत. खजिनदार म्हणाला, आम्ही घरी अंडी खात नाही, आम्हाला माहितीये ना. काय माहितीये ते मी विचारलं नाही.

२४ मार्च, रविवार
गेटसमोर शुकशुकाट. काय ती शांतता! व्हरांड्यात खुर्ची टाकून मुद्दाम तासभर बसलो.

मेहुणी आलीच. पाटी नाही, घोषणा नाही, पाहुणी म्हणून. हॉलमध्ये माझ्या समोर येऊन बसली. टी-शर्टवर कोंबडीचं चित्र. या वयात टी-शर्ट! तरी मी संयमाने फौजदाराला फोन लावला. तो आला, तिला बघितलं आणि बाई म्हणत दारातच ताठ उभा राहिला. तिचा जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, ही घोषणा नाही, नुसतं चित्र आहे, आणि ही कोंबडी आहे की बदक हेही नक्की सांगता येत नाही. बाईंनी बस म्हणेपर्यंत चहासुद्धा उभ्यानेच प्यायला. अशा पोलिसांच्या जिवावर देश चालतो.

ते गेल्यावर हिने जाहीर केलं, आजपासून या घरात मी अंड्याला हात लावणार नाही. म्हटलं, घर माझं आहे. म्हणाली, मग तुम्हीच करा की.
केलं. ऑम्लेट पॅनला चिकटलं. हल्ली पॅन चांगले येत नाहीत.

१८ एप्रिल
शेजारी तक्रार घेऊन आला. त्याच्या ताटात माश्या, बाळाच्या दुधात माश्या, देवापुढच्या दिव्यात माश्या. मी त्याला कायदा समजावला. एक किलोमीटरच्या आत नाराजी व्यक्त करणं धोक्याचं आहे. तो नाकाला रुमाल लावून गेला. नाटकी माणूस. त्याच्याशी बोलतानाच माझ्या तोंडात एक माशी गेली, पण मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. गिळली.

सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आहेत. धुळीमुळे.

९ मे
कंपनीकडून नवं खाद्य आलं. सुपरवायझर म्हणतो, कुबट वास येतोय, पोत्यात हिरवं दिसतंय, कोंबड्या तोंड लावत नाहीत. साहेबाला फोन केला. नवीन फॉर्म्युला आहे म्हणाला. ठीक. विज्ञान पुढे जातंय. कोंबड्या जुन्या वळणाच्या.

१३ मे
शेडमध्ये गेलो. जावं लागलं. सुपरवायझर म्हणाला, मी नोकरी सोडतो, पण आधी तुम्ही एकदा डोळ्यांनी बघा.

दारातच डोळे झोंबले. वरच्या पिंजऱ्यांतली घाण खालच्या पिंजऱ्यांवर पडून पडून टणक झाली आहे. तिच्यात काहीतरी वळवळत होतं. बुटाखाली मऊ काही आलं. खाली बघितलं नाही. एका पिंजऱ्यात मेलेल्या कोंबडीवर पाय देऊन जिवंत कोंबडी खाद्याच्या पन्हाळीत चोच मारत होती. पन्हाळीत बुरशी. पोत्यात हात घातला तर हिरवे-काळे गोळे बोटांना चिकटून वर आले.

कुंपणामागे जाऊन ओकलो. सकाळचं ऑम्लेट बाधलं असणार.

परत आत गेलो. का गेलो कोण जाणे. एक कोंबडी तडफडत होती, तिला बाहेर काढली. वजनच नव्हतं. पिसं नसल्यामुळे कातडीच हाताला लागली. गरम, एखाद्या तापातल्या मुलाच्या पाठीसारखी. माझ्या तळहातावर मान टाकली तिने.
खाद्याची धूळ डोळ्यांत गेली. बराच वेळ पाणी येत होतं.

१६ मे
जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं, बुरशीचं विष आहे, सगळ्यांच्याच शेडमध्ये हेच चाललंय. साहेबाला फोन केला. म्हणाला, तुमच्या शेडमधला दमटपणा नडला. नुकसानीला तुम्ही जबाबदार. हाच माणूस फेब्रुवारीत माझा हात सोडत नव्हता. नीच. आठवूनच हात साबणाने धुतला.

ठरवलं, फोटो काढून पेपरात द्यायचे. जग हादरेल. खजिनदाराने आठवण करून दिली की फोटोला प्राण्यांच्या मालकाची परवानगी लागते, आणि मालक कंपनी. मग माझ्याच शेडमध्ये मोबाईल काढायची परवानगी मी कंपनीकडे मागितली. नकार संध्याकाळच्या आत आला. खाद्याच्या तक्रारीला अजून पोचसुद्धा नाही.

ही म्हणाली, हे कलम कुणी घातलं हो?
मी म्हटलं, सरकारने.

२० मे
परवा कंपनीच्या हॅचरीवर मोर्चा. संघाच्या सगळ्या सभासदांनी हात वर करून शब्द दिलाय. गर्दी आवरणं हाच प्रश्न असणार.

पाटी स्वतः रंगवली. ‘आमच्या कोंबड्यांना न्याय द्या.’ ही म्हणाली, ताईला विचारा, तिच्या हाताला सवय आहे. मी काय तिच्याकडून अक्षर गिरवायला शिकू? सुरुवातीची अक्षरं मोठी झाल्याने पुढच्या बाजूला ‘आमच्या कोंबड्यांना न्या’ इतकंच मावलं. ‘य द्या’ मागच्या बाजूला आहे. लोक दोन्ही बाजू वाचतीलच.

२२ मे, पोलीस स्टेशन
मोर्चात मी आणि खजिनदार. बाकीच्यांचा टेम्पो वाटेत नाश्त्याला थांबला, तो थांबलाच. तरी मी खणखणीत घोषणा दिली. आवाज फाटला, पण दिली. वॉचमनने फोन केला, फौजदार आला.

मी शांतपणे सांगितलं, अहो, हा कायदा आमच्यासाठी आहे. आमच्याविरुद्ध नाही. मीच केलाय तो.
तो म्हणाला, बरं झालं भेटलात. मला कलम पाठ नाही, तुम्हीच सांगा, मी लिहून घेतो.
सांगितलं. पोटकलमासकट.
म्हणाला, पण हॅचरीत तर नुसती अंडी असतात.
मी म्हटलं, उबवले जातात, हा शब्द आहे त्यात. मी स्वतः घालायला लावलाय.
म्हणाला, वा. आणि जीपचं दार उघडलं. खजिनदार तोवर समोरच्या पानपट्टीवर बघ्यांमध्ये जाऊन उभा राहिला होता. माझ्याकडे अनोळखी माणसासारखं बघत होता. थुंकावंसं वाटलं. जीपमध्ये थुंकायला मनाई आहे.

कोठडी भयंकर. एवढ्याशा जागेत इतकी माणसं की कूस बदलायची तर शेजाऱ्याला आधी सांगावं लागतं. कोपऱ्यातली बादली तुंबलेली. दिवा चालूच असतो, मालवतच नाहीत. जेवण पन्हाळीसारख्या लांबट ताटात सरकवतात. जिवंत माणसाला असं ठेवायला यांना लाज कशी वाटत नाही? सुटल्यावर सविस्तर लेख लिहिणार.

२३ मे
जामीन झाला. मेहुणीने तिचा वकील आणला, जामीन स्वतः राहिली. मी आधीच स्पष्ट केलं की हे मी केवळ नातेवाईक म्हणून स्वीकारतोय, विचार पटले म्हणून नव्हे. वाटलं, आता ऐकवेल. भूगोलाच्या बाईला संधी होती. तिने फक्त विचारलं, जेवलात का? आणि पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून दिला. इतका अपमान आयुष्यात झाला नव्हता. पुडा संपवला.

बाहेर तिची सगळी टोळी उभी. पाटीवर ‘शेतकऱ्याला सोडा’. अध्यक्ष लिहायला काय झालं होतं? बरोबर कुत्राही आणलेला. त्याला बघून फौजदार मला विचारायला लागला, प्राणी आणला म्हणजे आता आमचं स्टेशनही कायद्यातली ‘प्राणी आणले जातात ती जागा’ झालं का हो? तुमचा अभ्यास आहे म्हणून विचारतो. व्हायला हवं खरं तर.

२९ मे
कंपनीने करार मोडला. ट्रक आले आणि जगतील अशा कोंबड्या घेऊन गेले. साहेब स्वतः आला होता. म्हणाला, तुमच्या पाटीवर होतं तसंच केलंय. मागची बाजू वाचलीच नव्हती त्याने.

मरायला टेकलेल्या तेवढ्या मागे ठेवल्या. उचलायचा खर्च परवडत नाही म्हणे. ही टोपल्या घेऊन शेडमध्ये गेली. नाकाला पदर नाही, काही नाही. सगळ्या आणून गॅरेजमध्ये ठेवल्या. माझी गाडी रस्त्यावर. मेहुणी ड्रॉपरने एकेकीला औषध पाजते. मला आत यायला मनाई आहे. मी जोरात चालतो आणि त्या घाबरतात, असं दोघींचं म्हणणं.

संघाची बैठक झाल्याचं पेपरातून कळलं. खजिनदार अध्यक्ष झाला. बिनविरोध. शिसारी येते या माणसांची. म्हणे लोकांचा विश्वास.

९ जून, रविवार
आजपासून माझं खरं आंदोलन सुरू. पूर्णपणे कायद्याच्या चौकटीत. मेहुणीने नकाशावर कंपास टेकवून हॅचरीपासून बरोबर एक किलोमीटरची जागा काढून दिली. हमरस्त्याच्या वळणावर, विजेच्या खांबाजवळ. तिथून हॅचरी दिसत नाही. हॅचरीतून मीही दिसत नाही. पण नैतिक दबाव जाणवत असणार.

पाटी तिच्याच हातची. ‘कोंबड्यांना सडकं खाद्य देणाऱ्या कंपनीचा धिक्कार’. एका ओळीत मावलंय. खाली तिने कोंबडी काढली आहे. या वेळी बदक अजिबात वाटत नाही. सगळे येणार होते, पण गॅरेजमध्ये दोन कोंबड्यांचं जास्त झालं म्हणून दोघी तिथेच थांबल्या. दाढीवाला कुत्र्याला घेऊन डॉक्टरकडे गेला. मी म्हटलं, एकटा पुरेसा आहे.

ऊन मरणाचं. चहा आणून देणारं कुणी नाही. गाड्या सुसाट जात होत्या, एकाने काच खाली करून पिचकारी मारली, बुटावर पडली. मी पाटी आणखी उंच धरली. दंड भरून आले. शेवटी एका ट्रकचा वेग कमी झाला. माझ्यासमोर येऊन थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून पाटी नीट, वरपासून खालपर्यंत पाहिली. मला वाटलं, झाली सुरुवात.

म्हणाला, काका, अंडी कशी दिली?

मी त्याला सगळं सांगितलं. बुरशी, करार, कायदा, कोठडी. तळहातावर मान टाकलेली ती कोंबडीसुद्धा सांगितली, जी मी घरी कुणाला सांगितलेली नाही. इंजिन चालूच होतं, पण त्याने ऐकून घेतलं. मधे एकदा अरेरे म्हणाला.
मग म्हणाला, ते खरं हो, पण डझन कसे?

मी भाव सांगितला.
महाग आहेत म्हणाला आणि निघून गेला.