खिडकीपाशी टी.व्ही.

३ फेब्रु. ९४, गुरुवार

ह्यांना डेपोतून पगाराचा फरक मिळाला. घरात शिरले तेच हसत. म्हणे टी.व्ही. घ्यायचा. विचारलं नाही, सांगितलं. सासूबाई, म्हणजे आत्या, दारातल्या सतरंजीवरून म्हणाल्या, "घ्या बाबा, माझे डोळे मिटायच्या आत घ्या." डोळे मिटायचं कशाला, आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कोण आलं ते चपलेच्या आवाजावरून ओळखतात. ऑपरेशन म्हटलं की दवाखान्याला घाबरतात. आणि टी.व्ही. पाहिजे.

आमची लेक नंदी तर नाचलीच. नववीत गेली पण नाचायचं सुटलं नाही.

मी एकच विचारलं, ठेवायचा कुठं? "ठेवू कुठंतरी."

लायनीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत ह्यांची खाट, लोखंडी कपाट आणि एक खिडकी. खिडकीखाली माझी शिलाई मशीन. विजेचा बोर्डही तिथंच, मशीनच्या डोक्यावर. कुठंतरी नावाची जागा ह्या घरात मला वीस वर्षांत सापडली नाही. ह्यांना सापडली असेल तर त्यांनी ती मशीनखालीच बघितली असणार.

६ फेब्रु., रविवार

भाऊजी आले. हे ह्यांचे धाकटे भाऊ. सावेडीला फ्लॅट घेतल्यापासून बसताना आधी खुर्ची पुसतात. स्कूटरची चावी बोटात फिरवत बोलले, "दादा, आता ब्लॅक अँड व्हाईट कोण घेतं? रंगीतच घ्या."

ह्यांचं म्हणणं, तेवढ्याच पैशात काळा-पांढरा मोठा येतो आणि रंगीत बारका. बारक्यात मॅच काय बघायची, बॉल आहे का माशी ते कळणार नाही.

"पण दादा, मोठा घेऊन गवताचा रंग तरी कळणार आहे का?"

"गवत हिरवं असतंय. ते मला टी.व्ही.नं सांगायला नको."

लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडून आलेलं पहिलं शहाणं वाक्य. मग तेच तेच. मोठा का रंगीत, रंगीत का मोठा. चहा झाला, परत चहा झाला. मला बघायला आले तेव्हा दोघा भावांनी पोह्याची ताटली पुसून खाल्ली आणि लगेच हो म्हणून उठले. माझ्यासाठी एवढा विचार कोणी केला नव्हता.

मी परत विचारलं, ठेवायचा कुठं? दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी साखर आणायची विसरले.

९ फेब्रु., बुधवार

आज वर्द्याच वर्द्या. भिंगारात लष्कराची छावणी, हे काम तुटत नाही. सुट्टीवरून जवान घरचं खाऊन सुटून येतो, म्हणे ढिली करा. पुढं कुठं ट्रेनिंगला जाऊन वाळून येतो, म्हणे आवळा. हिरव्या कापडावर हिरवा दोरा, बल्बाखाली टाका दिसत नाही. खिडकीचाच उजेड लागतो. आतल्या खोलीत भरदुपारी बल्ब लावावा लागतो, तिथं शिवलेलं बाहेर उन्हात वाकडं निघतं.

हे मी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुला टी.व्ही. नकोय का?" मी नको कुठं म्हटलं. मला माझी खिडकी पाहिजे. पण दोन गोष्टी एकदम ह्यांच्या डोक्यात मावत नाहीत.

१२ फेब्रु., शनिवार

सगळे नगरला गेलो, दुकानात. मी टेप बरोबर घेतली. हे म्हणाले टेप कशाला, शोभा होती. म्हटलं होऊ दे.

दुकानदार म्हणाला, हा वीस इंची, हा चौदा इंची. मी टेप लावली. रुंदी मोजली, उंची मोजली, वीस कुठंच भरेना. तो हसला. "ताई, टी.व्ही.चं माप तिरकं असतं. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."

म्हटलं, उद्या मीपण गिऱ्हाइकाची छाती खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी मोजते आणि सांगते, साहेब, छाती लई भरली तुमची. चालेल का?

हे पंख्याकडं बघत राहिले. नंदी आमची ओळख नसल्यासारखी लांब जाऊन उभी राहिली.

खरं माप पुढून नाहीच. मागून आहे. मोठ्याची ढेरी मागं इतकी सुटलेली की भिंतीपासून हातभर पुढं येणार. तो फक्त खिडकीपाशीच मावेल. बारका रंगीत कपाटावर बसतो. मी तिथंच सांगून टाकलं, रंगीत घ्या. नंदीनं येऊन हात धरला. तिला वाटलं मी रंगाच्या बाजूची. मी कपाटाच्या बाजूची.

१४ फेब्रु., सोमवार

फराळाचा मोठा पत्र्याचा डबा कपाटावर चढवला. म्हटलं, हा टी.व्ही. समजा, बसा सगळे आणि बघा.

सगळे खाली बसले, माना वर करून. आत्या म्हणाल्या, "मान मोडंल गं बाय. देवाकडं बी यवढं वर बगत न्हाई मी."

ह्यांनी वायर धरून दाखवली. कपाटापासून बोर्डापर्यंत दाराच्या मधून लोंबणार, येता-जाता गळ्यात. हे जिंकल्यासारखे खाटेवर आडवे झाले.

मी सगळी मापं घेतली, मानेचं राहिलं. वायरीचंही. डबा खाली काढला तो इतक्या जोरात ठेवला की झाकण उडालं.

१९ फेब्रु., शनिवार

टेम्पो आला. मोठा काळा-पांढरा. मला न विचारता. वर एक गुंडाळी. म्हटलं हे काय? "रंग," हे म्हणाले.

पारदर्शक कागद. वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. काचेवर चिकटवायचा. दुकानदारानं ह्यांना पटवलं, साहेब मोठा पण झाला आणि रंगीत पण. ह्यांना वाटतंय दोन्ही भाऊ खूश होतील असं काहीतरी आपण केलं. ह्या माणसाला दोन वाटा दाखवा, हा मधल्या गटारीतून जाणार.

मशीनचं डोकं आत पाडलं, वर फळी टाकली, फळीवर टी.व्ही. बसवला. टी.व्ही.वर माझाच क्रोशाचा रुमाल. मी दारात उभी राहून बघत होते. "स्टँड सांगितलाय. दोन दिवसांचा प्रश्न."

२० फेब्रु., रविवार

सकाळी देवाची मालिका. अर्धी लाईन आमच्या खोलीत. चपलांचा ढीग दाराबाहेर. हे पत्र्यावर चढून अँटेना फिरवत होते.

"आलं का?"

"नाय."

"आता?"

"आलतं, गेलं."

शेवटी आलं. देव उभे असले तर ठीक, डोक्याशी आभाळ, पायाशी गवत. पण देवांचं तोंड जवळून दाखवलं की कपाळ निळं, गाल तांबूस, हनुवटी हिरवी. राणी पलंगावर झोपली ती सगळी हिरवी. सगळे हात जोडून बसले. शेजारची मंगल माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, राक्षस कोणता गं?"

आत्या सगळ्यांच्या पुढं. विचारलं, दिसतं का? "हिरवं हिरवं हलतंय काय तरी."

दुपारी भाऊजी आले. बघितलं आणि इतके हसले की चावी हातातून पडली. "दादा, हे काय पतंगाचा कागद लावलाय?" पहिल्यांदा त्यांचं पटलं मला. त्याचाही राग आला.

२४ फेब्रु., गुरुवार

दोन दिवस कधीच गेले. स्टँड नाही.

रोज दुपारी मी आणि नंदी टी.व्ही. उचलून खाटेवर ठेवतो, मी शिवते, हे यायच्या आत परत वर. नंदी म्हणाली, आई, कमर गेली. तिची आज गेली. माझी सोमवारीच गेली.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जड तं असणारच. मोठा घेतलाय."

२६ फेब्रु., शनिवार

नंदी मावशीकडं कर्जतला गेली, परीक्षेआधी आठवडाभर. एकटीनं उचलत नाही. आतल्या खोलीत बल्बाखाली बसून हातशिलाई केली. हवालदाराचा शर्ट, खिसा उसवून बसवायचा होता.

संध्याकाळी बातम्या. बातम्या सांगणारी बाई कुठलीही साडी नेसू दे, आमच्या घरात ती पोपटीच.

१ मार्च, मंगळवार

हवालदार शर्ट घेऊन परत आला. सातारकडचा आहे, कधी आवाज चढवत नाही. खिसा उन्हात धरून दाखवला. वाकडा. माझा टाका. मला बघवेना.

"वहिनी, तुमचा हात असा नव्हता."

मी काय सांगणार? हाताचं काय झालं ते समोर चालू होतं, मॅच.

त्यानं गठ्ठा दिला. सगळ्या सेक्शनचे शर्ट, कॉलरी बदलायच्या. सोमवारी सकाळी साहेबांची तपासणी. "ह्या वेळी नीट द्या. नायतर पुढचं काम बाजारातल्या टेलरकडं टाकावं लागंल. मला वरून विचारतात."

गठ्ठा मी कपाटात ठेवला, सगळ्यात खाली. ह्यांना बोलले नाही. बोलले तर म्हणतील स्टँड सांगितलाय.

३ मार्च, गुरुवार

बोलले. म्हणाले, स्टँड सांगितलाय.

५ मार्च, शनिवार

नंदी आली. दुपारी टी.व्ही. उतरवून दोन-तीन कॉलरी झाल्या, एवढ्यात हे लवकर आले. मॅच होती. टी.व्ही. परत चढवला. मशीन पुन्हा आत. सुई कॉलरीत तशीच राहिली.

म्हटलं, हे काम गेलं तर परत येणार नाही. म्हणाले, "एक दिवस नाय शिवलं तर काय आभाळ कोसळतंय का?"

आभाळ ह्यांच्या टी.व्ही.तलं. वरची निळी पट्टी.

६ मार्च, रविवार

लोक यायच्या आधी मी आणि नंदीनं टी.व्ही. उचलला आणि खाटेवर ठेवला. बरोबर ह्यांच्या उशीवर. हे पत्र्यावर होते, अँटेनापाशी. मशीनचं डोकं वर काढलं, खिडकी सताड उघडली.

वरून ओरडले, "आलं का?"

मी पायडल मारलं.

लोक आले आणि चपला काढून बसले. समोर खाट, खाटेवर टी.व्ही., वायर बोर्डापर्यंत पुरत नाही. हे खाली उतरून आले तर खोली भरलेली आणि टी.व्ही. बंद.

"अगं, लोक आलेत."

"बसू द्या की. मी कुणाला उठवलंय का?"

"मालिका सुरू झाली असंल."

"असंल."

ह्यांनी टी.व्ही.च्या दोन्ही बाजूंनी हात लावून बघितला. एकट्यानं उचलेना. कोणाला हाक मारावी तर सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. एकेक जण उठून गेला. मंगल थांबली, कॉलरी उलटवून द्यायला बसली. तिला म्हटलं, देव चुकले तुझे. म्हणाली, "हिरवेच होते, वहिनी."

ह्यांनी मग आईकडं बघितलं. वाटलं असेल आई तरी बोलेल. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"चालू दे गं मशीन," म्हणाल्या. "त्याच्यातलं मला दिसत न्हाई. हिचं आयकाया तं येतंय."

एवढी वर्षं ह्याच बाई मशीनच्या खडखडीनं डोकं दुखतं म्हणत होत्या.

दुपारी जेवण झालं. हे रविवारी जेवून आडवे होतात. खाटेपाशी जाऊन उभे राहिले. टी.व्ही.कडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मी झोपू कुठं?"

म्हटलं, झोपा कुठंतरी.

अजून उभेच आहेत. ऊन खिडकीतून सरकायला लागलंय आणि माझ्या चार कॉलरी राहिल्यात. बॉबिन भरता भरता हे लिहिलं.