पासलीच्या खिंडीतली विरळ हवा

३ नोव्हेंबर, पहाटे
नवा प्लॅन फायनल. मोबाईलवर लेख वाचला. हवेत ऑक्सिजन कमी असेल तिथं जीव तोडून छोट्या धावा मारल्या, की खालच्या मैदानात खेळाडू वाऱ्यासारखा पळतो. आमच्या पासलीच्या डोक्यावर खिंड आहेच. उद्यापासून शेफालीला तिथं पळवायचं. अर्धा मिनिट फुल स्पीड, मग चालायचं, परत फुल स्पीड. डिसेंबरात भोरला चारशे मीटरची खुली स्पर्धा. पोरीचा पहिला नंबर धरूनच चाललोय.

४ नोव्हेंबर
सुरुवात झकास. दोन धावांत पोरगी पांढरी पडली. म्हणजे ऑक्सिजन कमी आहे. सिद्ध झालं.

९ नोव्हेंबर
भोरच्या एका क्रीडाशिक्षकांना फोन केला. म्हणाले, हनुमंतराव, त्याला याच्या दुप्पट-तिप्पट उंची लागते. तुमच्या खिंडीत ऑक्सिजन कमी होत नाही, नुसता दम लागतो. या लोकांना नवीन काही नकोच असतं. श्वास कोंडणारा ट्रेनिंगचा मास्क ऑनलाइन मागवला.

१५ नोव्हेंबर
मास्क आला. आधी स्वतः घालून पळालो. डोळ्यांपुढं अंधारी आली, बांधावर बसलो. पीस डिफेक्टिव्ह असावा. शेफालीला बांधला. तिलाही अंधारी आली. आता खात्रीच झाली, पीस डिफेक्टिव्ह. तरी वापरायचा.

२२ नोव्हेंबर
आई म्हणाली, पोरीला पळायचंय का, येकदा इचार तरी. यात विचारायचं काय? माघात नलू गेली, त्यानंतर पोरगीच उशाशी येऊन म्हणाली होती, पप्पा, मला पळायला शिकवा. तेव्हापासून मी एक सकाळ चुकवलेली नाही. बायको गेल्यावर माणसं कोलमडतात म्हणे. मी नाही.
नलूबद्दल इथं लिहायचं नाही असं ठरलंय. वरचं धरायचं नाही.

३० नोव्हेंबर
शेफालीला पुण्याच्या नर्सिंग कॉलेजात ॲडमिशन मिळाली. अर्ज कधी केला, कुणास ठाऊक. म्हटलं, स्पर्धा होऊ दे, मग बघू. बरं म्हणाली. चेहरा उतरलेला. ट्रेनिंग अंगी लागतंय.

१४ डिसेंबर, भोरहून आल्यावर
पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढं होती. मग चालायला लागली. मग ट्रॅक सोडून गवतात जाऊन बसली. मी धावत गेलो. पाय मुरगळला का, विचारलं.
म्हणाली, "न्हाई पप्पा. मला पळायचंच न्हवतं कधी."
मग शिकवा कशाला म्हणालीस, विचारलं.
"आई गेल्यावर तुमी उठतच न्हवता. भिंतीकडं तोंड करून पडायचा. जेवायचा न्हाई. मला दुसरं काय सुचलंच न्हाई."
जीपनं परत निघालो. चेलाडी फाट्यावर तिच्यासाठी भजी घेतली. तिनं हात लावला नाही. मी खाल्ली. कसली होती, आठवत नाही.

१६ डिसेंबर
शांतपणे विचार केला. दमली होती, म्हणून तसं बोलली. मी उठत नव्हतो हे खरं नाही. पाठ धरली होती.
ॲडमिशनला हो म्हटलं.

२ जानेवारी
वेल्ह्याच्या स्टँडवर शेफालीला पुण्याच्या एसटीत बसवलं. खिडकीतनं म्हणाली, मी न्हाई म्हनून पडून ऱ्हाऊ नका. म्हटलं, मी? उद्यापासून मी स्वतः खिंडीत पळणार, पुढच्या वर्षी चाळिशीवरच्या गटात उतरणार. ती हसली. गाडी वळेपर्यंत हात हलवला. तिनं हलवला का, दिसलं नाही. उन्हामुळं डोळ्यांत पाणी आलं.

६ जानेवारी
सकाळी शेफालीचा फोन. उठला का, विचारलं. म्हटलं, कधीच. खिंडीत आहे, तिसरी धाव आत्ता संपली. जरा धापा टाकून दाखवल्या. म्हणाली, वर वारं लई असंल, कानाला रुमाल बांधा. बांधलाय, म्हटलं.
तेवढ्यात आई दारात आली. म्हणाली, "हनमा, ऊठ रं आता. ऊन पार घरात आलं. काल बी जेवला न्हाईस."
फोन कट झाला असावा, असं वाटलं.
मग शेफाली म्हणाली, "पळा पप्पा तुमी. मी हाय फोनवर."
गोधडी डोक्यावर ओढली आणि तोंडानं धापा टाकत राहिलो. ती ऐकत होती.