मोहाच्या गाण्यांवर नारळाचं झाड

बाबा, तुमच्या चोपडीची नवी आवृत्ती निघते आहे आणि मुखपृष्ठ मी करते आहे. तुम्ही असते तर म्हणाले असते, आता तरी लवकर कर वं बाई. करते. पण आधी थोडं बोलून घेऊ द्या.

मुखपृष्ठांची टिंगल करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता तर तो धंदाच झाला. नागपुरात मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते आणि दुसऱ्यांच्या मुखपृष्ठांवर फुकट बोलते. सवय लागली ती चंद्रपूरच्या वसतिगृहात. अकरावीत होते तेव्हा आम्ही तिघी मैत्रिणी रविवारी एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानासमोर उभ्या राहायचो आणि काही विकत न घेता दुकानदाराचं डोकं खायचो. एका रहस्यकथेवर नायकाने पिस्तूल धरलेलं, त्या हाताला सहा बोटं. पाककृतींच्या पुस्तकावरची बाई झारा असा उगारून उभी, की आतल्या पाटवड्या भीतीनेच शिजल्या असतील. शेळीपालनाच्या पुस्तकावर शेळीचा चेहरा हुबेहूब लेखकासारखा, आणि मागच्या बाजूला लेखकाचा फोटो, म्हणजे ताडून पाहायची सोय. आम्ही हसून हसून खाली बसायचो.

त्याच दिवसांत तुमचं पत्र आलं. आलापल्लीकडच्या लाकूड डेपोत तुम्ही ओंडक्यांवर नंबर टाकायचे आणि दुपारच्या सुट्टीत गाणी जुळवायचे, मोह वेचणाऱ्या बायांची, धानाचा रोवणा करणाऱ्यांची. ती गाणी तुम्ही चंद्रपुरातल्या एका लहानशा प्रेसमध्ये छापायला टाकली होती. पत्रात होतं, 'वरती मोहाचं झाड पाह्यजे. तू काढ अन् पंधरा दिवसांत प्रेसमंदी नेऊन दे. तुझं नाव आत टाकाले सांगतलं हाय.' मी झाडं काढली. एक नाही, सहा काढली. प्रेसमध्ये एकही नेलं नाही.

सुट्टीत मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही एस.टी.तून उतरले, खांद्यावर चोपड्यांचा गठ्ठा. आईने सुतळी सोडली. वरती नारळाचं झाड, शेजारी होडी, मागे मावळता सूर्य आणि हे सगळं जांभळ्या शाईत! कुठल्या तरी खोबरेल तेलाच्या जाहिरातीचा छपाईचा ब्लॉक असणार. मी एकदम सुटले. म्हटलं, बाबा, या झाडाखाली मोह वेचायला गेलं तर डोकं फुटेल. म्हटलं, वैनगंगेला पूर आला तरी एवढं पाणी नाही येत. आई गप्प बस म्हणत होती, तुम्ही हसत होते. मग मी पान उलटलं. 'मुखपृष्ठ', आणि पुढे माझं नाव. माझं हसू तिथंच थांबलं. मी म्हटलं, "मी चित्र देल्लं होतं. प्रेसवाल्यानं हरवलं. माझं नाव खोडा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. "असंन," म्हणाले. "प्रेसमंदी पसारा लय रायते."

आणि पेन घेऊन ओसरीवर बसले. एकेका चोपडीत माझ्या नावावर रेघ मारत, तीही पट्टी लावून सरळ, जणू डेपोचंच काम. संध्याकाळपर्यंत चाललं. मी आत बसून होते, एकदाही बाहेर आले नाही.

चामोर्शीच्या बाजारात तुम्ही मला सोबत नेलं. मला वाटलं, आता या समुद्रापायी लाज जाणार. तर तुम्ही चोपडी उंच धरून सुरूच झाले. नारळ पाहिजे असेल तर दुसऱ्या दुकानात जा, आत मोह आहे. या झाडाखाली जाऊ नका, डोकं फुटेल. माझीच सगळी वाक्यं, बाबा, चोरलेली! लोक हसले, थांबले, तुम्ही एक गाणं म्हटलं, आणि चोपड्या जाऊ लागल्या. एका बाईने पान उलटून विचारलं, "आतमंदी हे नाव काऊन खोडलं, भाऊ?"

"पुढच्या खेपेले तिचंच झाड राहीन, बाई," तुम्ही म्हणाले. पुढची खेप तुम्ही असेपर्यंत आली नाही.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी एका कामासाठी मी त्याच प्रेसमध्ये गेले. प्रेसवाले म्हातारे झाले होते. नाव ऐकून म्हणाले, तुमचे बाबा चारदा आले होते, दर वेळी म्हणायचे, थांबा, पोरगी आणून राह्यली. चौथ्या खेपेला म्हणे तुम्ही स्वतःच जुन्या ब्लॉकच्या खोक्यात हात घातला, नारळ बाहेर काढला आणि म्हणाले, हेच लावा, झाड तं हाय. मी तिथल्या स्टुलावर बसले. म्हणजे मी खोटं बोलले तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. माहीत असून पट्टी लावून रेघा मारल्या. मला त्या दिवशी तुमचा फार राग आला. तेव्हाच एक थोबाडीत दिली असती तर मी मोकळी झाले असते.

आता प्रकाशक म्हणतात, मोहाचं झाड काढा, तुमच्याशिवाय कोण काढणार. मी सांगून टाकलं, नारळच राहील, होडीसकट, जांभळ्या शाईत. ते म्हणाले, लोक हसतील. म्हटलं, हसू द्या, चामोर्शीत हसले होते आणि घेऊनही गेले होते. तो नारळ माझ्या बाबांनी निवडलेला आहे. आत 'मुखपृष्ठ' पुढे तुमचं नाव टाकलं आहे, आणि ते खोडायला मी कोणाला सांगणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक राहिलेलं सांगते, जे प्रेसवाल्यांनाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला प्रेसवाल्यानं हरवलं म्हटलं, बाकी सगळ्यांना आजवर सांगत आले की मला झाडं जमली नाहीत. पाच जमली नव्हती. सहावं चांगलं आलं होतं, बाबा. वसतिगृहातल्या त्या मैत्रिणींपैकी एकीने ते पाहून विचारलं, कोणत्या पुस्तकाचं गं? डेपोतल्या माणसाच्या चोपडीचं, असं माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, कशाचंच नाही, आणि तिच्यासमोरच फाडून टाकलं.