वर्षाराणी हुपरीला परत गेली

१२ जानेवारी २०२५, रविवार

पंचेचाळीस मिनिटं! आज पंचेचाळीस मिनिटं बोलले हे. समोरच्या भिंतीवर एवढं मोठं घड्याळ आहे, पण पाळक चर्चमधल्या पुलपिटावर उपदेशाला चढला की त्याला घड्याळ दिसत नाही.

विषय काय, तर वचन नुसतं ऐकू नका, पाळा. इथं बसून माना हलवता आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की विसरता! — हे बरोबर बोलले. सव्वीस वर्षं संसार केलाय, बरोबर बोलले की मी बरोबर म्हणते. पुढं म्हणाले, एकच वचन घ्या आणि आज घरी जाऊन करा. क्षमा करा. सातदा नाही, साताच्या सत्तर वेळा. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडं आजच जा. उद्यावर ढकलू नका.

सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. जोरात! आमेन म्हणायला काय लागतंय?

नंतर चहाला मुद्दाम आण्णांना गाठलं. आण्णा म्हणजे आमच्या मंडळीचे सेक्रेटरी, पहिल्या बाकावर बसून सगळ्यात लांब आमेन ओढणारे. "फार छान झाला उपदेश, बाई. काळजाला भिडला." कशावर होता, आण्णा? "ते हे... आपलं... प्रेमावर." तेवढ्यात बिस्किटाचा तुकडा तुटून चहात पडला. उपदेशापेक्षा त्याचंच दुःख जास्त! पाच मिनिटांनी फाटकात एक रिक्षा आडवी आली, तर रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. प्रेमावर होता ना?

आणि मी? मी आदल्या दिवशीच ऐकते. भाजी चिरताना, हे वाचून दाखवतात तेव्हा. त्यामुळं रविवारी मी मोकळी. लोकांची तोंडं बघते.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी आक्का आली. आमच्या चर्चची झाडलोट करते, मागच्याच बोळात राहते. उंबऱ्याबाहेरूनच, "बाई, वर्षाराणी गेली की हो!"

कुठं गेली?

"हुपरीला. नवऱ्याकडं. काल उपासना झाली, घरला आली, पिशवी भरली आन् तीनच्या यष्टीनं गेली. म्या दारात आडवी झाले. तर म्हणती, आई, म्या क्षमा केलीय त्याला. तू ऐकलं न्हाईस काय चर्चमधी?"

आक्काला आत घेतलं.

वर्षाराणी ही आक्काची एकुलती एक. नवरा हुपरीत चांदीचं काम करतो, ही घरात बसून पैंजणाच्या कड्या जोडायची. त्याचं नाव सम्राट! राज्य फक्त बायकोवर. नोव्हेंबरात ती माहेरी आली ती डावा हात प्लॅस्टरमध्ये घालून. म्हणे जिन्यावरून पडले. त्यांच्या घराला जिनाच नाही हे अख्ख्या मंडळीला ठाऊक. मग मंडळीनं काय केलं? तिच्यासाठी प्रार्थना केली. प्रभूनं जिन्यापासून राखावं म्हणून असेल!

दुपारी ह्यांचं ताट वाढताना म्हटलं, "अभिनंदन. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुमचं ऐकलं."

घास हातातच राहिला. "मी तिला उद्देशून बोललो नव्हतो," म्हणाले.

मग कुणाला? आण्णांना? खांबाला?

जेवले नाहीत. नका जेवू.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या वहिनी तिळगूळ देऊन गेल्या. गोड बोला म्हणे. आज ह्यांच्याशी तोंडच उघडलं नाही — ह्याहून गोड मला जमत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

वर्षाराणीचा फोन परवापासून बंद. आक्का सारखी येते, पायरीवर बसते, उठून जाते.

आण्णांना बोलावून घेतलं. ते चप्पल न काढताच उभे. "नवरा-बायकोचं प्रकरण आहे, बाई. मंडळीनं मध्ये पडायचं नसतं. उद्या सम्राट इथं येऊन तमाशा करील." मंडळीला मारहाण चालते, तमाशा चालत नाही!

ह्यांच्याकडं बघितलं. हे खाली मान घालून बसलेले. "प्रार्थना करतो," एवढंच बोलले. मग टोपी घातली. "जरा चालून येतो." सहा वाजता परत आले, बूट धुळीनं पांढरे. जगबुडी येवो, ह्यांचं चालणं काही चुकायचं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज पुन्हा चालायला. परत आले ते शर्टाची वरची दोन बटणं गायब. कशानं तुटली? "अडकलं कशाला तरी." पन्नाशी उलटली, शर्ट सांभाळता येत नाही. मंडळी सांभाळतात!

बटणं लावून दिली. बोलले मात्र नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी म्हणाले, "आजऱ्याला एक गृहभेट आहे. उशीर होईल."

म्हटलं, या की तिथले काजू खाऊन. इकडं पोरगी मेली तरी चालेल.

टोपी घालून गेले.

चार वाजता दारात रिक्षा थांबली. आधी हे उतरले. ओठ फुटलेला, चष्म्याला एकच काच. मग आक्का. आणि आक्काच्या हाताला धरून वर्षाराणी, पदर डाव्या कानावरून घट्ट ओढून घेतलेला. आत आणून पदर बाजूला केला. कान सुजून काळानिळा. उजवीकडून बोललं तरच कळतंय तिला. तशीच दवाखान्यात नेली. पडदा फाटलाय.

दवाखान्याच्या बाकावर आक्कानं सांगितलं. "साहेब परवापास्नं रोज हुपरीला जात्यात, बाई. जाऊन त्याच्या दारात बसायचं. पोरीला डोळ्यांनी बघितल्याबिगर हालणार न्हाई म्हणायचं. पैल्या दिवशी त्यानं शिव्या घातल्या. काल गचांडी धरून बोळाबाहीर काढलं. आज मला संगं घेऊन गेले. आज त्यानं थोबाडावरच दिली. साहेब पडले, उठले, आन् परत तिथंच बसले की! तवा शेजारच्या बायका हातातल्या कड्या टाकून उठल्या. घरात शिरून पोरीला घिऊन आल्या भाईर."

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं? आजरा कशाला मध्ये आणला?

उरलेली एक काच पुसत होते. म्हणाले, "तू हसली असतीस."

हसले असते. खरं आहे ते.

१९ जानेवारी, रविवार

आज सात मिनिटं! काल वाचून दाखवलं नव्हतं, त्यामुळं मीही सगळ्यांबरोबरच ऐकलं.

म्हणाले, "गेल्या रविवारी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. क्षमा करा म्हणालो. क्षमा करायची म्हणजे मार खायला परत जायचं असं नाही, हे सांगायचं राहिलं. मारणाऱ्याला आधी जाब द्यावा लागतो, हेही राहिलं. एकीनं माझं ऐकलं आणि तिचा कान गेला. चूक माझी आहे."

आणि खाली येऊन बसले. कुणी आमेन म्हणालं नाही. आण्णासुद्धा नाही.

चहाला आण्णा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, साहेबांना समजवा. पाळकानं पुलपिटावरून चुका कबूल करत बसू नये. मंडळीवर वाईट परिणाम होतो." म्हटलं, आण्णा, आज विषय पाठ आहे की तुम्हाला! पहिल्यांदाच! कप तसाच ठेवून गेले.

वर्षाराणी मागच्या बाकावर आक्काशेजारी होती. चांगला कान पुढं करून ऐकत होती. तिच्याकडं बघायचं होतं, पण मी आण्णांची फजिती बघत बसले.

२१ जानेवारी, मंगळवार

पोलीस ठाण्यात जाऊन आलो, मी, वर्षाराणी आणि आक्का. तिथल्या फौजदारांनी तीनदा विचारलं, "समझोता करायचा का, ताई?" वर्षाराणीनं तीनदा "न्हाई" म्हटलं. मग लिहून घेतलं. सही ठसठशीत केली तिनं.

दारातून बाहेर आल्यावर पायरीवर बसायला लागलं — तिला नाही, मला.

२४ जानेवारी, शुक्रवार

वर्षाराणी आमच्याकडंच राहिलीय. सम्राट आक्काच्या बोळात दोनदा येऊन गेला, म्हणून. दुपारी दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी सवयीनं म्हणाले, "ह्यांच्या उपदेशापायी तुझा कान गेला बघ."

तिनं उजवा कान माझ्याकडं केला. "न्हाई, बाई. साहेबांचं काय न्हाई त्यात. मी जाणारच नव्हते. माझं मन हूं म्हणत नव्हतं. म्हणून त्या दिशी चहाच्या वक्ताला तुमास्नी इचारलं, जाऊ काय म्हणून. तुमी कप विसळत होता. म्हणालासा, 'ऐकतात सगळे, करतंय कोण!' मला वाटलं, एकीनं तरी करून दाखवावं."

रागानं नाही बोलली. जुडी सोडता सोडता, सहज.

मला आठवत नाही. तिनं विचारलेलं आठवत नाही, मी बोललेलं आठवत नाही. वर मानसुद्धा केली नसेल मी.

ह्यांना जाऊन सांगितलं. सगळं. येत्या रविवारचा उपदेश लिहीत होते. पेन खाली ठेवलं. मी उभी राहिले — आता एक वाक्य येणार, सव्वीस वर्षांचं साठलेलं, आणि ते मला लागणार, लागायलाच पाहिजे.

हे बाकावर थोडे सरकले, जागा केली. "बस," म्हणाले.