चपलांपाशी बसलेली एकेचाळीस वर्षं

चेरीताल, जबलपूर
१४ मे

ती. भानुताईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते, पण कागदावरच. खरोखर वाकले तर मला उठवायला दोन माणसं लागतात आणि घरात सध्या एकच आहे, तेही झोपलेलं. आपल्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या की पत्राचा पहिला परिच्छेद समोरच्याच्या प्रकृतीचा, आपलं रडगाणं त्यानंतर. म्हणून विचारते, गुडघा कसा आहे? अमरावतीचं ऊन सोसतं का? भाऊजींनी चहातली साखर खरंच सोडली की फक्त तुझ्यासमोर, तेही कळव. त्यांना माझा नमस्कार. झाला पहिला परिच्छेद.

आता माझं. अवंतिका मुलांना घेऊन आली होती, परवा गेली. (जावई आले नाहीत, ऑफिस.) घर इतकं शांत झालंय की कूलरमधलं पाणी ऐकू येतं. ताई, या वेळची सुटी म्हणजे माझी परीक्षाच होती. मार्चमध्ये अवंतिकाने फोनवर हळूच सांगितलं होतं की आई, मागच्या वेळी मुलं फार कंटाळली, या मे महिन्यात येतो, पण पुढच्या वर्षीपासून आम्ही दुसरीकडे कुठेतरी जाऊ म्हणतो, तुम्हीच दोघं बंगळूरला येत जा. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून धुतलेली भांडी पुन्हा धुतली. तिकडे चौदाव्या मजल्यावर मी पाहुणी असते गं, रिमोट कुठला कशाचा तेही मला कळत नाही. मुलं इथे आली तरच मी आजी. तेव्हा ठरवलं, या पाच दिवसांत दोघांना जबलपूर आवडायलाच हवं.

अपूर्वा आता आठ वर्षांची आहे आणि जे दिसेल ते वहीत लिहिते. अंबरीश पाचाचा, तो स्टेशनवर उतरल्यापासून जो बोलू लागला तो झोपेतही थांबेना. मराठी दोघांना कळते, उत्तर मात्र कुठल्या भाषेत येईल ते देवालाच ठाऊक. पहिल्या दिवशी इथली ती काळसर खोव्याची जलेबी आणली. अंबरीशने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं की हा गुलाबजाम कोणी उलगडला. दुसऱ्या दिवशी तोललेली शिळा दाखवली. एवढा मोठा दगड दुसऱ्या दगडावर जेमतेम टेकलाय, भूकंपातसुद्धा हलला नाही, हे मी असं काही रंगवून सांगितलं की पोरगं समोर बसून तो पडण्याची वाट पाहू लागलं. चाळीस मिनिटं, मे महिन्याच्या उन्हात. शेवटी म्हणाला, आजी, ये तो कुछ करता ही नहीं. अपूर्वाने वहीत लिहिलं, ‘दगड. हलत नाही.’ अवंतिका माझ्याकडे बघून गोड हसली. तसं हसू मला डॉक्टरांच्या तोंडावर आवडत नाही, मुलीच्या तर मुळीच नाही.

राहिलं भेडाघाट. तुला सांगायला नको, जबलपूरच्या घरी पाहुणा आला की त्याला चहा देतात आणि भेडाघाटला नेतात, मग तो व्याही असो की गॅसची शेगडी दुरुस्त करायला नागपूरहून आलेला भाचा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघालो आणि गाडीत मी सुरू झाले. संगमरवराचे कडे कुठे पांढरे आहेत, कुठे गुलाबी, कुठे नदी इतकी अरुंद होते की माकड या काठावरून त्या काठावर उडी मारतं, आणि कुठे वाटतं की आता रस्ता संपला, नाव आपटणार, तेवढ्यात कडा बाजूला सरून वाट देतो. बापूसाहेब (सगळं चेरीताल यांना बापूसाहेब म्हणतं, म्हणून मीही दुसरं काही म्हटलं नाही) अभिमानाने मान डोलावत होते. आठवीत याच विषयावरच्या निबंधाला मला पहिलं बक्षीस मिळालं होतं, हेही त्यांनीच मुलांना सांगितलं.

घाटाच्या पायऱ्या उतरलो. मी नेहमीसारखी सावलीतली पायरी गाठली, डबा मांडीवर घेतला आणि सगळ्यांना म्हटलं, काढा चपला, मी बसते इथे. अपूर्वाने एक चप्पल काढली आणि थांबली. म्हणाली, “आजी, तू येत नाही? मागच्या वेळी पण तू इथेच होती.” मी म्हटलं, चपला कोण बघणार, कुत्री पळवतात. तिने विचारलं, त्याच्या आधी? म्हटलं, तेव्हा तुझी आई मांडीवर होती. त्याच्या आधी? तेव्हा सासूबाईंना पाण्याची भीती वाटायची, त्यांच्याजवळ बसले होते. पोरीने उलटतपासणीच घेतली. आपले बाबा मुलींना नावेत पाय ठेवू देत नसत, तेही निघालं, आणि कड्यांचे रंग मला नावेतून परतलेल्या पाहुण्यांकडून कळतात, तेही. (तू लग्नानंतर भाऊजींबरोबर जाऊन आलीस, तेव्हा तुमच्या चपलासुद्धा मीच राखल्या, ताई.) मग तिने सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं जाहीर केलं की आजी कधी गेलीच नाही, आजीला सगळं पाहुण्यांनी सांगितलंय.

मला वाटलं, संपलं. परीक्षेत नापास, आणि वर कॉपी करताना पकडली गेलेली. निबंधासकट. पण बापूसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पायरीवर उभे राहून म्हणाले, “काहून बोलली नाहीस तू? मी एकेचाळीस वर्षं काय पाहून राहिलो होतो मग?” मी काय सांगणार? कोणी विचारलं नाही, हे खरं. पण मलाही कधी रुखरुख लागली नव्हती. घाटावर वारा असतो, डबा असतो. त्यांनी माझ्या मांडीवरचा डबा उचलला, स्वतः त्या पायरीवर बसले आणि म्हणाले, जा.

नारिंगी लाइफ जॅकेटात मला नातवंडांनी कोंबलं. नावाड्याने विचारलं, अम्मा, पहली बार? मी ऐटीत नाही म्हणणार तोच दोन्ही पोरं ओरडली, पहली बार.

ताई, पुढचं कसं लिहू? पाहुण्यांनी मला रंग सांगितले होते, पण भर मे महिन्यात त्या कड्यांमधून अंगावर गारवा येतो हे कोणी सांगितलं नव्हतं. वल्ह्याचा आवाज दगडाला लागून परत येतो, जणू पलीकडून अजून एक नाव येतेय, हेही नाही. वर पाहावं तर आकाशाची निमुळती पट्टी, खाली पाहावं तर तोच कडा पाण्यात उलटा, आणि मध्ये आपण, नारिंगी. नावाडी यमकं जुळवत तुकबंदी करत होता, तोसुद्धा एका वळणावर गप्प झाला. आणि अंबरीश गप्प होता. स्टेशनपासून पहिल्यांदाच. कितीतरी वेळाने माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आजी, हे कोणी केलं?”

म्हटलं, नदीने.

“एकटीने?”

एकटीने.

तो पाण्यात बोट घालून बसला, आणि मी त्याचं दुसरं बोट धरून. मग तोललेल्या शिळेबद्दल त्याने माझी माफी मागितली, असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही, कारण तो कन्नडमध्ये बोलला.

परत आलो तर तीन चपला गायब. एकेचाळीस वर्षांत माझ्या हातून एक गेली नव्हती आणि यांनी पाऊण तासात तीन घालवल्या. घाटावरच्या कुत्र्यांना पोळी घालायला आलेली बाई म्हणाली, बाबूजी चपलांकडे बघतच नव्हते, उभे राहून नावेकडे बघत होते. मी रागावणार होते, पण नाही जमलं.

असो. गुडघ्याला जप.

तुझी,
विनता

ता. क. मुख्य बातमी राहिलीच. पुढच्या मे महिन्यात मुलं इथेच येणार. अवंतिकाने विचारलं की पण इथे काय करणार, तर अपूर्वा म्हणाली, आजीने काहीच पाहिलेलं नाही, तिला दाखवावं लागेल. परतीच्या गाडीत तिने वही काढली आणि एकेक विचारत गेली. आजी, मदनमहालचा किल्ला? म्हटलं, नाही गं. धुआंधार धबधब्याचा रोपवे? नाही. चौसष्ट योगिनींचं देऊळ, सगळ्या पायऱ्या चढून? मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, छे. दोन पानं भरली.

पुन्हा ता. क. मदनमहालच्या किल्ल्यावर आपण दोघी शाळेतून किती वेळा गेलो, आणि योगिनींच्या पायऱ्या मी दर वर्षी चढते, हे तुला पक्कं ठाऊक आहे. अपूर्वाने तुझा फोन नंबर घेतलाय, खात्री करायला. पोरीचा फोन आला तर सांग की विनता लहानपणापासून घराबाहेर पडलीच नाही. एवढ्यासाठीच हे पत्र.