दवाखान्यातली तपकीर

विजयमाले, सख्ख्या बहिणीची छाती कापली तरी भेटायला आली न्हाईस, आनि वर निरोप काय धाडलास, तर आक्काचं तोंड म्हंजी फुटका रांजन. तुझ्या छातीतल्या गाठीचं तुझ्या सुनंला, दिपालीला, सांगितलं म्हनून एवढा राग? अगं, मला नाकातनं औषध दिल्यालं, गुंगी आल्याली. गुंगीतल्या बाईचं बोलनं कुनी मनाला लावून घेतं व्हय? फोन उचलत न्हाईस, म्हनून हा कागद.

आता आशीर्वाद घे. (ठेवून द्यायचा न्हाई, वापरायचा.) मी बरी हाय. तुझे गुडघे कसे हाईत, पावन्यांचा खोकला गेला का, ते कळीव.

तर नगरच्या दवाखान्यात मी भ्याले नव्हते. प्रेशरचं मशीन भ्यालं हुतं, सारखं वरच जायचं. (अजिनाथनं माझी तपकिरीची डबी आदल्या दिवशीच काढून घेतली हुती. पोटचा पोरगा, पन हवालदारागत वागला.) तवा अफ्रीन सिस्टर पिचकारी घेऊन आली. सुई न्हाई, म्होरं नुसतं कापसाच्या बोंडागत मऊ टोक. म्हनली, आजी, हे नाकात फवारलं की भीती उतरती. म्हनलं, असं सांग की, तुमच्याकडंबी तपकीर हाय. पन शेजारच्याला चिमूट दिल्याबिगर आपन वढायची आमच्यात रीत न्हाई, आदी ह्याला दे. अजिनाथ भिंतीला टेकून उभा, तोंड पिठागत पांढरं. ती म्हनली, हे वाटायचं नसतं, ज्याचं ऑपरेशन त्यालाच. (एवढा कंजूष दवाखाना.)

मी सवयीनं असं जोरात वढलं की कडू घशात उतरलं. शिंक आली न्हाई, तेवढंच वाईट वाटलं. थोड्या वेळानं मन खाली बसलं, रवंथ करनाऱ्या गाईगत. मग सलाईनची सुई टोचली, तर वाटलं, दुसऱ्याच कुना बाईचा हात टोचत्यात. हे तुझ्यासाठी लिवते, देवीची लस टोचायला आले की कडब्याच्या गंजीत लपनारी तू.

डावी बाजू सपाट झाली. शिवनकाम करनारी सुकन्या इचारती, आजी, ब्लाउज कसा शिवू? म्हनलं, जेवढं कापड वाचंल त्याची डबीला पिशवी शिव.

तुझी आक्का

ता. क. दिपाली अजिनाथसाठी डबा घेऊन आली तवा पिचकारी अजून ट्रेमधीच हुती. मी पुरी शुद्धीवर हुते. मागं भावकीतल्या लग्नात माझा हात धरून गाठीवर ठेवलास आनि कुनाला सांगायचं न्हाई अशी शपथ घातलीस, ती मी जानून मोडली. पाप माझ्या नावावर लाव, पन तपासून घे.

दुसरा ता. क. सोमवारी अजिनाथ गाडी घेऊन श्रीरामपूरला येतोय. कडबा आदीच हलवायला दिपालीला सांगितलंय. ह्या कागदाचं उत्तर तू लिवू नको, तू ‘बरी हाय’ एवढंच लिवशील. डाक्टर काय म्हनले ते दवाखान्यातनंच दिपालीनं कळवायचं.